मनःस्वास्थ्य ही बाजारातील वस्तू नव्हे!

२०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाने केली. लाखामागे देशाचे प्रमाण १२.४ होते, छत्तीसगडचे २८.२, म्हणजे दुपटीहूनही अधिक. मृतांपैकी २६.४ टक्के रोजंदारीवर पोट भरणारे होते. हे आकडे समोर असताना मनाचा आजार हे सुखवस्तूंचे दुखणे आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी कुटुंबे छत्तीसगडात स्थायिक होत आली. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर राजधानीतूनच चाले. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील मराठी वस्ती या जुन्या संबंधाची साक्ष आहे. या मोहल्ल्यातील दुकानात राबणाऱ्या नोकराची झोप कर्जापायी उडाली, घरकाम करणाऱ्या स्त्रीला जगणे नकोसे झाले, परीक्षेत नापास झालेला मुलगा घुमा झाला, तर त्यांनी जावे कोठे? शहरात इस्पितळे नाहीत असे नाही. डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय आहे. टाटीबंधला २०१२ साली सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे व तेथे मनोविकार विभागही आहे. राज्याचे मानसिक रुग्णालय मात्र बिलासपूरजवळ सेंदरीला, शंभरहून अधिक किलोमीटर दूर. परंतु गोळी लिहून देणे काही मिनिटांत होते. माणसाचे ऐकून घ्यावयास तास लागतो, आणि तो तास आठवड्या-आठवड्याने पुन्हा द्यावा लागतो. गर्दीने भरलेल्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात तो मिळणे दुरापास्त. तो मिळतो खाजगी समुपदेशकाकडे, आणि तेथे एका बैठकीचे शुल्क कित्येकदा बिगारी कामगाराच्या दोन दिवसांच्या मजुरीहून अधिक असते. ज्याचे दुखणे कर्जातून आले, त्याने उपचारासाठी पुन्हा कर्ज काढावे, असा हा न्याय आहे!

खिशाचा प्रश्न सुटला तरी विश्वासाचा उरतोच. ‘समुपदेशक’ अशी पाटी आज कोणीही लावू शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. बाकीच्या क्षेत्रासाठी संसदेने २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला. पण संकटातील माणसाला ही नोंदणी विचारावी हे सांगणार कोण? शिवाय नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला ‘जरा जमवून घ्या’ असे सांगणारा, दलित विद्यार्थ्याच्या अपमानाला त्याचा न्यूनगंड ठरवणारा माणूस कितीही पदव्या मिरवो, तो आधार देत नाही. तो अन्यायाचीच वकिली करतो.

राज्यकर्त्यांकडे यावर तयार उत्तरे आहेत. पहिले उत्तर दूरध्वनीचे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेली-मानस सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य मिळते. ही सेवा उपयुक्त आहे आणि प्रत्येक वस्तीत तो क्रमांक पोचला पाहिजे. परंतु तिच्याच अंदाजपत्रकी तरतुदीचे काय झाले? २०२३-२४ मध्ये सुमारे १३४ कोटी रुपये होते, २०२४-२५ मध्ये ९० कोटी! दुसरे उत्तर विम्याचे. पंतप्रधान जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झालेल्याचा खर्च उचलते. समुपदेशन तर बाह्यरुग्ण सेवा. म्हणजे माणूस कोसळेपर्यंत शासनाने वाट पाहावयाची.

वास्तविक हा हक्क कागदावर केव्हाच मान्य झाला आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. जिल्हा पथकात मनोविकारतज्ज्ञाबरोबर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ व सामाजिक कार्यकर्ता असावा अशी योजना आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ परवडणाऱ्या, दर्जेदार सेवेचा हक्क देते. किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसेल तर जिल्ह्यातील अन्य ठिकाणच्या उपचाराचा खर्च शासनाने सोसावा असेही सांगते. तरीही छत्तीसगडसह बारा राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराबाहेरच होते. कायदा आहे, पण पदे नाहीत, आणि जेथे पदे आहेत तेथे ती भरलेली असतीलच असे नाही.

‘इतके तज्ज्ञ आणावयाचे कोठून?’ हा शेवटचा बचाव. त्याचे उत्तर गोव्याने दिले आहे. तेथे ‘संगाथ’ संस्थेने मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली स्थानिक, तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत नेमले. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. जेथे असा समुपदेशक नव्हता तेथे ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत असा फरक आढळला नाही. ज्या केंद्रांत गरीब रुग्ण जातो तेथेच या मदतीचा लाभ दिसला, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. रुग्णाची भाषा बोलणारा, सन्मानाने ऐकणारा, पगारी व प्रशिक्षित माणूस प्रत्येक केंद्रात बसविणे शक्य आहे. अडते ते इच्छेपाशी.

चळवळीतीलही एका समजुतीचा समाचार घेणे अगत्याचे आहे. ‘शोषण संपले की मनाची दुखणी संपतील, तोवर संघटना हेच औषध’ असे काही कार्यकर्ते म्हणतात. कर्ज, बेकारी आणि अपमान माणसाचे मन मोडतात हे खरेच, आणि एकाकीपणावर संघटना मोठा उतारा आहे हेही खरे. पण क्षयाचे मूळ दारिद्र्यात आहे म्हणून क्षयरोग्याला कोणी औषध नाकारत नाही. मग निराशेने ग्रासलेल्या साथीला ‘खंबीर हो’ एवढेच सांगून परत का पाठवावे?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक शहरी व ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम पगारी समुपदेशक. तो रायपुरात हिंदी-छत्तीसगडी आणि गरजेप्रमाणे मराठी जाणणारा असावा. आशा कार्यकर्तीवर विनामोबदला हे ओझे टाकू नये. जिल्हा पथकातील सर्व पदे भरावीत व त्यांची यादी जाहीर करावी. बाह्यरुग्ण समुपदेशन आरोग्य योजनेत आणावे. कलम १८ प्रमाणे खर्चाच्या परताव्याचे अर्ज जिल्ह्याजिल्ह्यांत दाखल व्हावेत. कामगार संघटनांनी वेतन आणि बोनसच्या मागणीपत्रात हे कलम घालावे. महिला व विद्यार्थी आघाड्यांनी ते वस्तीत न्यावे. तात्यापाऱ्यापासून नाशिकपर्यंत मराठी कष्टकरी जेथे जेथे राबतो, तेथे तेथे हा लढा भाकरीच्या लढ्याचाच भाग मानून चालविला पाहिजे.