विश्लेषण : परदेशी शिष्यवृत्ती उशिरा का चालणार नाही?

१९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. आजही अनेक दलित विद्यार्थ्यांची परदेशातील शिक्षणाची वाट शिष्यवृत्तीवरूनच जाते.

योजना कोणत्या?
केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ पैकी ११५ जागा अनुसूचित जातींसाठी आहेत. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज योजनेत ७५ जागा आहेत. मात्र २०२५-२६ साठी केंद्राने निवडलेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच मंजुरीपत्रे मिळाली. बाकीच्यांना निधीची वाट पाहावी लागली.

परदेशात जात सुटते का?
नाही. म्हणूनच अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आपल्या नियमांत जातीय भेदभावावर बंदी घातली. २०२३ मध्ये सिएटल शहराने तसा कायदा केला. कॅलिफोर्नियाचे विधेयक मात्र त्याच वर्षी गव्हर्नरांनी रोखले.

पैशाचा संबंध काय?
हप्ता रखडला की विद्यार्थी उसनवारीवर येतो, ओळखीच्यांच्या खोलीत राहतो. तिथे आडनावावरून टोमणे ऐकावे लागले, तरी खोली सोडायला हातात पैसे नसतात. ज्यांच्याकडून उसने घेतले, त्यांच्याविरुद्ध तक्रार कशी करणार?

म्हणून निवड झाली की लगेच मंजुरी मिळावी, हप्ता सत्र सुरू होण्याआधी जमा व्हावा आणि भेदभावामुळे घर बदलावे लागल्यास तातडीची रक्कम देण्याची सोय असावी. नियमांनी तक्रारीचा हक्क दिला, तरी तो वापरण्याचे बळ वेळेवर आलेल्या पैशातूनच मिळते.