प्रारण आणि किरणोत्सर्ग : एका शब्दाची गल्लत

आमच्या परिचयातील एका सुशिक्षित घरात मायक्रोवेव्ह ओव्हन येऊन बरीच वर्षे लोटली. परंतु त्याची कळ कोणी दाबली की घरातील आजी अजूनही नातवंडांना हाताला धरून दिवाणखान्यात नेतात, आणि त्यात तापविलेली आमटी गरोदर नातसुनेच्या पानात वाढू नये असा त्यांचा सक्त हुकूम आहे. या आजींना मी अज्ञानी म्हणणार नाही. त्या रोज वर्तमानपत्र वाचतात. त्यात ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द त्यांनी हिरोशिमाच्या संदर्भात वाचला, चेर्नोबिलच्या संदर्भात वाचला, आणि पुढे तोच शब्द स्वयंपाकघरातील या पेटीला चिकटविलेला पाहून त्याचा जो अर्थ त्यांना ठाऊक होता तोच त्यांनी प्रामाणिकपणे घेतला. दोष असेल तर तो आम्हा लिहिणाऱ्यांच्या हयगयीचा आहे.

वस्तुतः मराठी परिभाषेत या बाबतीत दोन स्वतंत्र शब्द आहेत. ऊर्जा तरंगरूपाने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते तेव्हा तिला प्रारण म्हणावे. कोवळे ऊन हे प्रारण, शेगडीतील निखाऱ्याची दुरून जाणवणारी धग हेही प्रारण, आणि आकाशवाणीचे कार्यक्रम घरोघर पोहोचविणाऱ्या लहरी हेही प्रारणच. किरणोत्सर्ग हा मामला निराळा : युरेनियम, रेडियम यांसारख्या मूलद्रव्यांची अणुकेंद्रे आपसूक विघटित होतात व त्यांतून भेदक कण आणि किरण बाहेर पडतात, त्या घटनेचे ते नाव होय. ओव्हनमधील तरंग अशा कोणत्याही मूलद्रव्याच्या विघटनातून येत नाही. दिवा मालवल्यावर खोलीत जसा उजेड मागे राहत नाही, तसा यंत्र थांबल्यावर त्यातील तरंग अन्नात शिल्लक राहत नाही. शिवाय हा तरंग आपली ऊर्जा ज्या सुट्या पुंजांनी देतो, त्यांतील एका पुंजाची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टाच्या सुमारे एक लक्षांश इतकीच भरते. खिडकीतून येणाऱ्या साध्या प्रकाशाच्या पुंजाची ऊर्जा तिच्या दोन लक्ष पटींच्या घरात असते. आणि रेणूमधून इलेक्ट्रॉन हुसकून लावून पेशींना इजा करावयाची तर त्याहूनही अधिक ऊर्जा लागते.

‘सूक्ष्मतरंग’ (मायक्रोवेव्ह) हे नावही थोडे फसवेच आहे. घरगुती ओव्हनमधील तरंगाची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणजे चांगली वीतभराच्या अर्ध्याहून अधिक असते. आकाशवाणीच्या शेकडो मीटर लांबीच्या लहरींच्या मानानेच ती सूक्ष्म. याहून कितीतरी आखूड, अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या तरंगांवर जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रयोग केले होते, ही गोष्ट आपण भारतीयांनी विसरू नये. या तरंगांना स्वयंपाकघराची वाट मात्र युद्धाने दाखविली. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी, रडारसाठी शक्तिमान सूक्ष्मतरंग निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन सिद्ध केला. त्याच वर्षी तो अमेरिकेत पोहोचला. आणि रेथिऑन या कंपनीत मॅग्नेट्रॉनवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यंत्राजवळ उभे असताना त्यांच्या खिशातील मिठाई वितळली, तेव्हा ती का वितळली हे शोधण्याची बुद्धी त्यांना झाली. मक्याचे दाणे समोर धरले तर त्यांच्या लाह्या झाल्या. १९४५ साली त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला, आणि १९४७ साली बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच, ३४० किलोग्रॅमच्या आसपास वजनाचा असून त्याचा मॅग्नेट्रॉन थंड ठेवण्यास नळाचे पाणी जोडावे लागे. ओट्यावर मावेल असा घरगुती ओव्हन यावयास १९६७ साल उजाडले.

आता त्याची क्रिया. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन व दुसरे किंचित ऋण असते. तरंगाचे विद्युतक्षेत्र सेकंदाला २४५ कोटी आवर्तने घेत दिशा बदलू लागले की हे रेणू त्याच्यामागे वळू पाहतात, शेजाऱ्यांवर आदळतात, आणि या ओढाताणीतूनच उष्णता उपजते. म्हणून काचेचे किंवा चिनी मातीचे कोरडे भांडे स्वतः फारसे तापत नाही, त्यातील ओले अन्न तापते. अन्न आतून बाहेर शिजते, हा सार्वत्रिक समज मात्र खरा नव्हे. तरंग साधारण दोन-तीन सेंटिमीटर आत जाईपर्यंत बराचसा शोषला जातो. त्यापलीकडच्या गाभ्याला उष्णता बाहेरूनच झिरपत पोहोचते. अन्नात पाणी आहे तोवर त्याचे तापमान उकळबिंदूच्या फारसे वर चढत नाही, आणि खरपूसपणाला त्याहून पुष्कळ अधिक तापमान हवे. सबब भाकरीसाठी तव्याला पर्याय नाही. उडदाचा पापड यात सुरेख फुलतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. पालेभाजी थोड्या पाण्यात, थोड्या वेळात वाफवून निघत असल्यामुळे, मुबलक पाण्यात उकळून ते पाणी ओतून देण्याच्या वहिवाटीपेक्षा तीत क जीवनसत्त्व अधिक टिकते, हा याचा खरा गुण होय.

माझी खरी तक्रार अशी की, नसलेल्या धोक्याचे भय बाळगण्यात आपण असलेला धोका पाहावयाचे विसरलो आहोत. पेटीच्या भिंतींवरून परतणारे तरंग एकमेकांत मिसळून कुठे तीव्र तर कुठे जवळजवळ शून्य होतात. फिरती तबकडी असूनही अन्न विषम तापते. बर्फ हे तरंग फारच थोडे शोषतो, पाणी अधाशासारखे शोषते. त्यामुळे गोठलेल्या मांसाची कड शिजू लागली तरी गाभा बर्फच राहतो, आणि त्या गाभ्यात जंतू सुखरूप असतात. कालचा भात मध्येच ढवळला नाही, बाहेर काढून दोन मिनिटे झाकून ठेवला नाही, तर वरची वाफ पाहून आपण फसतो. गुळगुळीत पेल्यातील पाणी कधी कधी न उकळताच उकळबिंदूच्या वर जाते आणि चमचा घालताच उसळून हात भाजते. कवचासह ठेवलेले अंडे फुटते. दाराच्या जाळीची छिद्रे जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरची असल्यामुळे १२ सेंटिमीटरचा तरंग त्यांतून निसटू शकत नाही. परंतु दार वाकले असेल, बिजागरी निखळली असेल, तर दुरुस्तीपर्यंत यंत्र बंद ठेवावे.

माझी शिफारस दुहेरी आहे. संपादकांनी प्रारणाला प्रारण म्हणावे, आणि ओव्हन विकणाऱ्यांनी त्यासोबत सुबोध मराठीत लिहिलेले माहितीपत्रक द्यावे. आणि घराघरांतील आयांना व आज्यांना एक कळकळीची विनंती : तान्ह्या बाळाच्या दुधाची बाटली या यंत्रात तापवू नका. बाटली बाहेरून कोमट लागते, आणि आतील दुधाचा एखादा भाग तोंड पोळण्याइतका कढत असतो. ती गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, हलवा, आणि पाजण्यापूर्वी दोन थेंब आपल्या मनगटावर टाकून पाहा.