गोव्याचा कौल आणि आमची कसोटी



जानेवारीतल्या लागोपाठच्या तीन तारखा आम्हाला विसरता येत नाहीत. १६, १७ आणि १८. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केले की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्रशासित होणार. गिरणगाव पेटून उठले. दुसऱ्याच दिवशी, १७ तारखेला, बेळगावात मराठी माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. सीमाभाग तो दिवस अजून हुतात्मा दिन म्हणून पाळतो. आणि १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे राहून यंत्रे बंद केली. त्यानंतर कितीतरी गिरण्यांचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही.

यातली पहिली तारीख गोव्यातही पाळतात. पण तिथे ती दुखवट्याची नाही, अभिमानाची आहे. मुंबई केंद्रशासित झाल्याच्या घोषणेला बरोबर अकरा वर्षे झाली त्या दिवशी, १६ जानेवारी १९६७ ला, गोव्याच्या माणसाने रांगेत उभे राहून मत दिले. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, एवढाच सवाल होता. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहण्याला दोन पाने. मोजणी झाली. फुलाला १,३८,१७० मते, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी गोवा महाराष्ट्राबाहेर राहिला.

आता हे काय आक्रीत? ज्या केंद्रशासित राजवटीला नकार देताना मुंबईच्या रस्त्यावर आमची माणसे पडली, तीच राजवट गोमंतकीयाने आपल्या हाताने मागून घेतली! चाळीच्या गॅलरीत हा विषय निघाला की जुनी माणसे अजून हळहळतात. कोणी म्हणतो, पाद्र्यांनी घात केला. कोणी म्हणतो, भाटकारांनी पैसा ओतला. कोणी म्हणतो, दिल्लीनेच डाव टाकला. आम्ही आज या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवून स्वच्छ बोलणार आहोत. कडू लागेल. पण कामगाराला कडू ऐकायची सवय आहे.

आधी हिशेब करू. गोव्यात ख्रिस्ती वस्ती तेव्हा निम्म्याहून बरीच कमी होती. मग शंभरातली चौपन्न मते दोन पानांवर पडली ती कशी? उघड आहे की हजारो हिंदूंनीही विलीनीकरणाला नाही म्हटले. केपे-काणकोणपासून पेडण्यापर्यंत देवळात मराठी कीर्तन ऐकणारी माणसे होती ती. विलीनीकरणाच्या विरोधात सगळ्यात जोराचा मारा करणारे वर्तमानपत्र कोणत्या भाषेतले होते? मराठीतले! मडगावचे ‘राष्ट्रमत’. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यात मराठीतच निघे. म्हणजे मराठी वाचणाऱ्याला मराठीतून पटवण्यात आले की तुझे घर वेगळे ठेव, आणि त्याला ते पटले. यात पाद्र्याचा काय संबंध?

आपण पुरावे थोडे दिले नव्हते. फादर स्टीफन्सने १६१६ साली रायतूरला छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत आहे, हे आपण सांगितले. मंगेशीचे मंगेशकर दाखवले, नाटके दाखवली, भजने दाखवली. सगळे खरे होते. पण बाबांनो, पुराव्याने खटला जिंकता येतो, माणूस जिंकता येत नाही. शेजाऱ्याच्या आजोबाचे आणि आपल्या आजोबाचे नाते कागदावर सिद्ध केले म्हणून शेजारी आपली भिंत पाडून देत नाही. तो विचारतो, पाडल्यावर माझ्या चुलीचे काय?

गोव्याच्या माणसाने नेमके तेच विचारले. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदीचा कायदा होता. मग माडावर चढणाऱ्या रेंदेराने आणि काजूच्या फेणीवर पोट भरणाऱ्याने कुठे जायचे? घाटावरून सरकारी अंमलदार येऊन बसत होते. मग नोकऱ्या कोणाला मिळणार? पणजीला विधानसभा आहे, मंत्री आहे. उद्या एवढ्या मोठ्या राज्यात गोवा एक कोपऱ्यातला जिल्हा झाला तर आमचे गाऱ्हाणे ऐकायला कोण बसणार? आणि घरात बोलतो ती कोकणी! तिला आपले विद्वान बोली, बोली म्हणून बाजूला सारत होते. आपल्या आईच्या बोलण्याला दुसऱ्याने कमी लेखले तर रक्त तापते, हे आम्हा मराठी माणसांना कोणी शिकवायला हवे काय? मुंबईच्या शेटजींनी आपल्या भाषेला भांडी घासणाऱ्यांची भाषा समजून वागवले, तेव्हा आपण काय केले ते आठवा.

म्हणजे १९५६ च्या मुंबईत आणि १९६७ च्या गोव्यात माणसाच्या मनात एकच भीती होती. आपल्या घराचा निर्णय लांब बसलेला परका करील, ही ती भीती. आपल्याला तो परका दिल्लीत दिसला. गोमंतकीयाला तो मुंबईत दिसला! हे वाक्य लिहिताना आमचा हात अडखळला, पण खोडावेसे वाटले नाही.

दुसऱ्या बाजूचेही ऐका. विलीनीकरण मागणारी १,३८,१७० माणसे काही महाराष्ट्राने पाठवलेली नव्हती. ती पेडणे-डिचोली-सत्तरीकडची कुळे होती, मुंडकार होते, पोर्तुगिजांच्या साडेचारशे वर्षांत शाळेचे तोंड न पाहिलेला बहुजन समाज होता. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण भाटकाराची जमीन भाटकाराकडेच राहिली. या लोकांना महाराष्ट्र म्हणजे कूळकायदा वाटला, मराठी शाळा वाटली. म्हणून १९६३ च्या पहिल्याच निवडणुकीत त्यांनी भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला राज्य दिले, आणि काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही जागा दिली नाही. डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधी बाकावर बसला. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निर्मळ व्हावा म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि राष्ट्रपती राजवट आली. सत्ता सोडून लोकांपुढे जाणारे सरकार आज किती दिसतात?

आणि पुढे काय झाले ते तर प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवण्यासारखे आहे. कौल हरल्यावर दोन-तीन महिन्यांतच विधानसभेची निवडणूक झाली. ज्या पक्षाच्या नावातच महाराष्ट्र होता आणि ज्याची मुख्य मागणी लोकांनी नुकतीच फेटाळली होती, त्याच पक्षाला लोकांनी पुन्हा निवडून दिले! बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९७३ साली मृत्यू येईपर्यंत राहिले. त्यांच्यामागून कन्या शशिकलाताई काकोडकर आल्या. लोकांनी दोन गोष्टींचे दोन वेगळे निकाल दिले होते. हद्द हवी गोव्याची, राज्य हवे गरिबाचे. अडाणी म्हणून हिणवलेल्या मतदाराला एवढी अक्कल होती!

पण जखम लगेच भरली नाही. कौल म्हणजे पेटी. ती मते मोजते, मने सांधत नाही. ज्यांची मते वाया गेली त्यांच्या मनात सल राहिला, आणि जिंकलेल्यांच्या मनात संशय राहिला. तो वीस वर्षे धुमसला आणि राजभाषेच्या वादात भडकला. १९८५-८६ च्या आंदोलनात रस्ते अडले, घरे जळली, माणसे मेली. शेजारी शेजाऱ्याला ‘घाटी’ म्हणू लागला, उलट बाजूनेही वाईट शब्द आले. अखेर ४ फेब्रुवारी १९८७ ला देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद झाली. ३० मे १९८७ ला गोवा देशाचे पंचविसावे राज्य बनले. १९९२ साली कोकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. दोन पानांना मत देणाऱ्याला केंद्रशासित राजवट कायमची नको होती, हेही त्यातून दिसले. त्याला आपले राज्य हवे होते. त्याला वीस वर्षे वाट पाहावी लागली, एवढेच.

आता कसोटीचा प्रश्न. हे सगळे मान्य करायचे की नाही?

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने चार कसोट्या लावल्या होत्या. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. या चारांत लोकेच्छा आम्ही शोभेला लिहिली होती काय? ऑक्टोबर १९६६ मध्ये बेळगावचा प्रश्न महाजन आयोगाकडे सोपवला गेला. तीन महिन्यांच्या आत गोव्यात मतपेट्या गेल्या. गोव्याला पेटी आणि बेळगावला आयोग! आयोगाने १९६७ साली अहवाल दिला, बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले. तिथल्या माणसाला कोणी मत विचारले नाही. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. आम्ही इतकी वर्षे ओरडून सांगत आलो आहोत की बेळगावच्या लोकांना विचारा. मग जिथे लोकांना विचारले, तिथले उत्तर आम्हाला आवडले नाही म्हणून ते खोटे कसे म्हणणार? ज्या तराजूने बेळगावात तोलून मागतो त्याच तराजूत गोवा तोलला पाहिजे. दोन मापे ठेवणारा वाणी आपल्याला चालत नाही. मग दोन मापांची चळवळ चालेल काय?

गिरणी कामगाराला तर हे इतरांपेक्षा लवकर उमगावे. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने कोणती युनियन आपली, हे वर्गणीच्या पावत्यांवरून ठरत असे. गुप्त मतदान घ्या, कामगाराला विचारा, ही मागणी किती वर्षे केली! ती ऐकली असती तर १९८२ चा संप वेगळ्या वाटेने गेला असता, असे म्हणणारी माणसे अजून लालबाग-परळच्या चाळींत आहेत. ज्याला आपल्या गिरणीच्या दारात मतपेटी मिळाली नाही, त्याने दुसऱ्याच्या मतपेटीला लाथ मारू नये. तिची किंमत त्याच्याएवढी कोणाला ठाऊक?

म्हणून आम्ही या सभेत तीन गोष्टी सांगतो.

एक. गोमंतकीय भाऊ आपल्या घरात राहतो म्हणून तो परका होत नाही. तेरेखोलच्या अलीकडे सावंतवाडी, पलीकडे पेडणे; मध्ये फक्त नदी आहे. अलीकडच्या गावांनीच गिरण्यांना माणसे दिली. त्यांच्या लेकीबाळी पलीकडे नांदतात. त्या नात्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

दोन. फुलाला मत देणारा देशद्रोही नव्हता आणि दोन पानांना मत देणारा मराठीचा वैरी नव्हता. त्यांच्या नातवंडांना एकमेकांविरुद्ध भडकवणारा पुढारी, मग तो आमच्या झेंड्याखाली उभा असला तरी, त्याला व्यासपीठावरून खाली उतरवा.

तीन. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, भालकी, कुठल्याही गावावर आम्ही मालकी सांगत नाही. तिथल्या माणसाला विचारा, एवढेच सांगतो. तो ‘हो’ म्हणाला तर मिरवणूक काढू. आणि ‘नाही’ म्हणाला तर? तर डोळे पुसू, त्याचा हात हातात घेऊ आणि घरी येऊ. असे म्हणायची ज्याची तयारी नाही, त्याला लोकेच्छा हा शब्द तोंडातून काढायचा अधिकार नाही.

१७ जानेवारीला बेळगावात जे पडले ते हाच अधिकार मागताना पडले. आदल्या दिवशीच्या तारखेला गोव्याने तो अधिकार वापरला. एकाला फुले वाहायची आणि दुसऱ्याला शिव्या द्यायच्या, हे आमच्याच्याने होणार नाही.

सीमाभागात मतपेटी ठेवा! निकाल काय लागायचा तो लागो!

जय महाराष्ट्र!