डोक्यातली ट्यूब पेटवा, माईकमधली राहू द्या!

"घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला पंचवीस-तीस हजारांत कुठला ट्यूब माईक घ्यावा?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. (आठवडाभर सॉफ्टवेअर लिहितो आणि शनिवार-रविवारी वायरी सोल्डर करतो, एवढ्या भांडवलावर नातेवाईकांत मी साउंड इंजिनिअर ठरलोय.) या खेपेला विचारणारा माझा मामेभाऊ. चिखली तालुक्यात असतो, भजनी मंडळात गातो, आवाज खणखणीत. "दादा, ट्यूबवालाच माईक घ्या लागते म्हणतात. आवाजाले वजन येते."

माझं उत्तर दोन शब्दांचं आहे. घेऊ नकोस. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी ही ट्यूब म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे ट्यूब म्हटलं की डोळ्यांसमोर ट्यूबलाईट येते. ही ती नव्हे. ही म्हणजे आजोबांच्या रेडिओतला वॉल्व्ह. बटण फिरवल्यावर तो तापेपर्यंत रेडिओ गप्प बसायचा, तोच. कंडेन्सर माईकमध्ये आवाजानं थरथरणारा एक पातळ पडदा असतो. त्यातून निघणारा विजेचा संकेत इतका नाजूक असतो की थेट लांब वायरीत सोडला तर वाटेतच जीव सोडेल. म्हणून पडद्याच्या अगदी शेजारी एक हमाल बसवावा लागतो, जो तो संकेत उचलून वायरीत ढकलतो. माईकमधल्या ट्यूबचं मूळ काम एवढंच, हमाली!

१९४९ साली नॉयमन कंपनीनं तो जगप्रसिद्ध यू ४७ आणला आणि त्यात टेलिफुंकनचा व्हीएफ १४ हा वॉल्व्ह बसवला. का? आवाजाला ऊब यावी म्हणून? छे! त्या वेळी दुसरा हमालच उपलब्ध नव्हता म्हणून. ट्रान्झिस्टर १९४७ साली जन्मला होता, पण या कामाला अजून तयार नव्हता. १९६० चा यू ६७ आला तोही वॉल्व्हवरच, ईएफ ८६. आणि १९६७ मध्ये त्याच कंपनीनं त्याचा वारस यू ८७ काढला, त्यात वॉल्व्ह नाही, एफईटी. म्हणजे ज्यांनी ट्यूब माईक गाजवले त्यांनीच सोय होताच ट्यूब बाजूला ठेवली. आणि आपण साठ वर्षांनी तीच ट्यूब डोक्यावर घेऊन नाचतोय.

आता कुणी म्हणेल, मग त्या जुन्या माईकचा आवाज इतका गोड कसा? गोड आहेच, वाद नाही. पण ती गोडी पडद्यात आहे, ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे, हातानं केलेल्या जुळणीत आहे, समोर उभ्या गवयात आहे आणि सगळ्यात जास्त त्या स्टुडिओच्या खोलीत आहे. ट्यूबचा वाटा आहे, पण तो पानाच्या कडेला वाढलेल्या लोणच्याएवढा. नुसतं लोणचं आणून पंगत बसवता येते का?

आणि स्वस्त ट्यूब माईकमध्ये नेमकं हेच होतं. हिशोब करून बघा. तीस हजारांत कंपनीला ट्यूब द्यायची आहे, वेगळा पॉवर सप्लाय द्यायचा आहे (४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर ट्यूब चालत नाही), त्याची जास्त पिनांची खास वायर द्यायची आहे आणि वर एक चकचकीत ॲल्युमिनियमची पेटी. मग पडद्याला आणि ट्रान्सफॉर्मरला, म्हणजे खऱ्या आवाजाला, उरलं काय? पेटी मात्र छान असते. बियाणं ठेवायला उपयोगी पडेल.

पटत नसेल तर एकाच कंपनीचे दोन आकडे घ्या. रोडचा एनटी१ हा बिनट्यूबचा माईक. त्याची स्वतःची खरखर कंपनी ४.५ डेसिबल सांगते. त्याच रोडचा ट्यूबवाला एनटीके, त्याची १२ डेसिबल. आणि एनटीके एनटी१ पेक्षा महाग! म्हणजे जास्त पैसे मोजून जास्त खरखर. हळू आवाजातली ओवी किंवा अंगाई रेकॉर्ड करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

आता बुलढाण्याकडे या. माईकचे रिव्ह्यू करणारे लोक बसतात भिंतींना फोम लावलेल्या खोलीत. आपली खोली असते दहा बाय दहा, वर स्लॅब नाहीतर टिनं, खाली फरशी, भिंती गुळगुळीत. दहा फुटांच्या दोन समोरासमोर भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे ११२ हर्ट्झला, आवाज घुमतो. पुरुषाचा खालचा आवाज नेमका तिथंच असतो. लांबी-रुंदी सारखी, म्हणून दोन्ही जोड्या एकाच सुरावर घुमणार. उंचीही दहाच असेल तर तिसरीही. 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणतात ना? इथं अंगण खरंच वाकडं आहे! आणि माईक जितका चांगला, तितकं ते वाकडेपण जास्त स्वच्छ ऐकू येतं.

वर उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात कूलर बंद करून गाऊन दाखवा. आणि वीज? शेतीच्या फीडरवरच्या गावांना मी काय सांगणार. ट्यूब माईक लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं तापू द्यायचा असतो. तो तापेपर्यंत लाईट जाते, आली की पुन्हा पहिल्यापासून. याउलट साधा एफईटी कंडेन्सर लॅपटॉपला जोडलेल्या छोट्या इंटरफेसमधून ४८ व्होल्ट घेतो आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो. लाईट गेली तर उलट बरं, पंखा तरी बंद होतो :-)

माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. प्रोग्राम हळू चालतो म्हणून लोक महागडा सर्व्हर घेतात, आणि मोजून बघितलं की कळतं, सगळा वेळ एका बावळट क्वेरीत जातोय. आधी मोजा, अडतंय कुठं ते शोधा, मग खर्च करा. घरगुती रेकॉर्डिंगमध्ये अडतं खोलीपाशी, तोंड आणि माईक यांच्यातल्या अंतरापाशी. माईकपाशी क्वचितच.

म्हणून माझी यादी. एक, जाड गोधड्या. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर टांगा, भिंतीपासून थोड्या सोडून. घुमण्याचा खालचा भाग यानं जाणार नाही, पण वरचा खणखणाट जाईल. खालच्यासाठी खोलीच्या बरोबर मध्यावर उभं राहू नका. दोन, माईकपासून वीतभर अंतरावर गा. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलनं उतरतो, आणि खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. शिवाय जवळून गायलं की खर्ज आपोआप भरतो. माझ्या भावाला हवं असलेलं 'वजन' ते हेच, आणि ते फुकट मिळतं. तीन, खोली सुधारत नसेल तर सरळ डायनॅमिक माईक घ्या. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून जगभर मार खातोय आणि चालतोय. डायनॅमिक म्हणजे दुय्यम असं वाटत असेल तर मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर'चं गायन शुअरच्याच डायनॅमिक एसएम ७ वर झालंय हे लक्षात ठेवा. चार, खोली बऱ्यापैकी शांत असेल तर एफईटी कंडेन्सर. उरलेल्या पैशांत इंटरफेस, हेडफोन आणि मजबूत स्टँड.

ज्यांची खोली झाली, हात बसला, पैसे आहेत, त्यांनी चांगला ट्यूब माईक जरूर घ्यावा. हौसेला मोल नसतं. माझं भांडण त्या हौसेशी नाहीच. 'ट्यूबवाला आल्याशिवाय सुरुवात नाही' या समजुतीशी आहे.

कारण त्या समजुतीची किंमत फार मोठी आहे. मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गो. ना. जोशी यांनी गायली, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताची वाट तिथून रुंदावली. कवी वकील, गायकही वकील! पण त्या काळी आवाज टिकवायचा तर रेकॉर्ड कंपनीच लागायची, दुसरा मार्ग नव्हता. आज ती यंत्रणा दप्तरात मावते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पानं महाराष्ट्रातल्या लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या गावागावांत जाऊन, बायांच्या समोर बसून. हाती होतं त्या साधनानं.

आपल्या जिल्ह्यात आजही काकड्याला पहाटे उठून गाणारे म्हातारे आहेत. जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या आज्या आहेत, जातं गेलं तरी. त्यातल्या दरवर्षी काही कमी होतात. ट्यूब बदलून मिळते, अगदी खामगावात नाही तर मुंबईत मिळेल. आज्या बदलून मिळत नाहीत.

तेव्हा या रविवारी पेटीतल्या गोधड्या काढा, पंखा बंद करा आणि जो माईक आहे तो लावा. अगदीच काही नसेल तर मोबाईल विमान मोडवर टाकून वीतभर अंतरावर उशीवर ठेवा. आधी आवाज वाचवा, ऊब नंतर बघू.