नळ आला, आता अंगण सावरू या



शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर कामानिमित्त फिरताना गेल्या काही वर्षांत एक गोष्ट आम्हांला वारंवार दिसते. दारात नवा नळ उभा आहे आणि नळाभोवतीचे अंगण मात्र उखडलेले आहे. चर कसाबसा बुजवलेला, वर मुरूम आणि दगडगोटे पसरलेले, पावसाचे पाणी उंबऱ्याकडे वळलेले. जिथे अळू, मिरची, घेवडा होता तिथे आता गवतसुद्धा धड उगवत नाही.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. खेड्यातल्या प्रत्येक घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे उद्दिष्ट ठरले. मुदत २०२४ ची होती. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवली गेली. म्हणजे काही ठिकाणी चर खोदून झाले आहेत आणि काही ठिकाणी अजून खोदायचे आहेत. ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच्या दारात नळ येतो ही लहान गोष्ट नाही. पाणी हवेच. पण पाणी आणताना अंगण मोडले असेल, तर ते पुन्हा उभे करणे हेही आपलेच काम आहे, आणि काही अंशी ते मोडणाऱ्याचेही काम आहे. आज त्याविषयीच बोलू.

कुणी म्हणेल, एवढ्याशा अंगणाचे काय घेऊन बसलात? ज्यांच्या नावावर सातबारा आहे, त्यांना अंगण म्हणजे नुसती मोकळी जागा वाटेल. आपल्या बहुतेक कुटुंबांचे तसे नाही. कुणी कारखान्यात रोजंदारीवर, कुणी रेल्वेत, कुणी उसाच्या फडात, कुणी दुसऱ्याच्या रानात खुरपायला. आपल्या हक्काची माती म्हणून जी काही आहे, ती घराभोवतीची अर्धा-एक गुंठा. दौंड तालुक्यातल्या एका वस्तीवर एका ताईंच्या अंगणात शेवग्याचे झाड होते. घरात शेंगा खाऊन उरलेल्या त्या बाजारच्या दिवशी विकत, आणि त्या पैशांत मुलांच्या वह्या येत. चर सरळ रेषेत न्यायचा म्हणून एका सकाळी ते झाड यंत्राने उपटले. त्या रानात कामाला गेल्या होत्या. कुणी त्यांना विचारले नाही आणि भरपाईच्या कागदावर त्या झाडाची नोंदही झाली नाही. कागदावर नसलेले असे नुकसान बहुतेक वेळा घरच्या बाईचेच असते.

आता खोदकामाने जमिनीचे नेमके काय होते ते पाहू. आपल्याकडे भीमा आणि घोड नद्यांच्या काठाला काळी भारी जमीन आहे आणि माळावर हलकी मुरमाड. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच. वरची वीतभर माती जिवंत असते. पालापाचोळा, शेणखत, गांडुळे, मुळ्या, सारे त्या वीतभरातच. तिच्याखाली चुनखडी, मुरूम आणि मग खडक. यंत्राने तीन फूट चर काढला की वरची माती आधी निघते, तिच्यावर मुरूम येऊन पडतो, आणि चर बुजवताना सगळे एकत्र ढकलले जाते. काळी माती तळाला आणि मुरूम डोक्यावर. वर्षानुवर्षे टाकलेले शेणखत असे तीन फूट खाली गाडले जाते. मग आपण म्हणतो, बी खराब निघाले. दोष बियाण्याचा नसतो.

ज्यांच्या वस्तीत खोदकाम अजून व्हायचे आहे त्यांनी एवढे जरूर करावे. आदल्या दिवशी अंगणाचे, झाडांचे आणि जोत्याचे फोटो काढून ठेवावेत. मोबाईल आता घरोघरी आहे. वरची वीतभर माती स्वतः कुदळीने काढून बाजूला ढीग लावावा आणि त्यावर जुने पोते किंवा ताडपत्री टाकावी. मुरमाचा ढीग दुसऱ्या बाजूला टाकायला सांगावे. बुजवताना आधी मुरूम जाईल, नंतर माती. दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम, पण त्याने पुढची दोन वर्षे वाचतात. चराची आखणी चालू असतानाच झाड वाचवायला सांगावे. नळाची पाइप हात-दोन हात वळवून नेता येते, उपटलेले झाड परत येत नाही.

ज्यांच्याकडे खोदकाम होऊन गेले आहे, त्यांनी पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नये. आधी नळाला पाणी सोडून चराच्या रेषेवर कुठे ओल उमटते का ते पाहावे. गळती असेल तर झाडे लावल्यावर पुन्हा खोदावे लागेल. पाइप कुठून गेली आहे हे घरात सर्वांना माहीत हवे. दोन्ही टोकांना खुणेचा दगड पुरावा आणि भिंतीपासून किती फुटांवर आहे ते वहीत लिहून ठेवावे.

सैल भरलेला चर पहिल्या पावसात खचतोच. म्हणून खड्डा पडला की एकदम भरू नये. सहा-सहा इंचांचा थर द्यावा, पाणी शिंपावे आणि धुमसाने ठोकावे. भर जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच ठेवावी, ती पावसाळ्यात बसून सारखी होते. काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते, हे ध्यानात ठेवून जोत्यालगतची जागा नीट ठोकावी आणि उतार घरापासून बाहेर काढावा. भिंतीच्या पायाशी पाणी मुरू दिले, तर अंगणाचे दुखणे घरात येते.

वर आलेला मुरूम टाकून देऊ नका. तो चाळून दारापासून रस्त्यापर्यंत पायवाट करा, पावसाळ्यात चिखल होणार नाही. बाकीच्या जागेवर माती हवी. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशोब सांगतो. २० फूट लांब आणि १० फूट रुंद जागेवर अर्धा फूट माती घालायची, तर २० गुणिले १० गुणिले अर्धा म्हणजे १०० घनफूट. म्हणजे बरोबर एक ब्रास. एवढी माती एकट्याला महाग पडते, पण चार घरांनी मिळून आणली तर वाहतूक वाटली जाते. गावच्या तलावातला गाळ निघत असेल तर ग्रामपंचायतीत विचारावे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना राज्यात २०१७ साली सुरू झाली. पण विचार जुना आहे. तलावात साचलेला गाळ शेतकऱ्याला नेऊ द्यावा, असे महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सांगून ठेवले होते. मात्र कारखान्यांच्या नाल्याकडेचा गाळ भाजीच्या जागेत आणू नये.

मातीही विकत घेणे शक्य नसेल, तरी अंगण सुधारते; वेळ थोडा जास्त लागतो. यंत्राच्या चाकांनी जमीन दगडासारखी दबलेली असते. तिला वापशावर, म्हणजे मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने ढकलला तर फुटतो अशा वेळी, टिकावाने वीतभर सैल करावे. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली तर ढेकळांच्या विटा होतात. मृगाच्या पावसावर ताग पेरावा. गुंठ्याला अर्धा किलो बी पुरते. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी ताग फुलावर येऊ लागला की कापून तिथल्या तिथे मातीत गाडावा. तो हवेतला नत्र मातीत आणतो आणि त्याच्या मुळ्या घट्ट जमीन मोकळी करतात. नंतर दर १०० चौरस फुटांना पाच-सहा घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये, त्याने हुमणी आणि वाळवी येते. माती तपासून घ्यायची असेल तर आपल्या जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तिथे चौकशी करावी.

ज्या झाडांची मुळे तुटली पण झाड उभे आहे, त्यांची काळजी वेगळी. फाटलेली मुळे धारदार कोयत्याने साफ कापावीत आणि उघडी असतील तर लगेच ओल्या पोत्याने झाकून माती लोटावी. बुंध्याला मातीचा ढीग लावू नये, खोड कुजते. पाणी थोडे थोडे पण नेमाने द्यावे, आणि झाड मलूल दिसते म्हणून युरिया टाकू नये. आजारी माणसाला आपण पेज देतो, पुरणपोळी देत नाही. वाळलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. लिंब, आंबा, चिंच यांचा निकाल कळायला एक उन्हाळा जावा लागतो, तोवर कुऱ्हाड लावू नये.

मग लावायचे काय आणि कुठे? पाइपच्या अगदी वर वर्षभर पालेभाज्या घ्या. मेथी, चुका, अंबाडी, कोथिंबीर यांची मुळे वरवर असतात, आणि उद्या पाइप दुरुस्तीला खोदावे लागले तरी महिन्याभराचेच नुकसान होते. कुंपणाला घेवडा, दोडका, भोपळा. झाडे पाइपपासून दहा फूट दूर. शेवग्यासाठी जूनमध्ये मनगटाएवढ्या जाडीची तीन-चार फुटांची फांदी लावली तरी ती फुटते. बियाण्यापासून करायचा तर पीकेएम-१ ही जात सहा ते आठ महिन्यांत शेंगा धरते. कढीपत्ता, लिंबू, एखादी पपई, एवढ्यात घरची निम्मी गरज भागते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. श्रद्धेपोटी पुष्कळ घरी बोधिवृक्षाचे, म्हणजे पिंपळाचे रोप दारातच लावले जाते. भावना चांगली आहे, पण पिंपळाची मुळे जोते आणि पाइप दोन्ही फोडतात, आणि मग तेच झाड एक दिवस तोडण्याची पाळी येते. पिंपळ विहाराच्या मोकळ्या जागेत, भिंतींपासून चांगले तीस-चाळीस फूट दूर लावावा. तिथे तो सर्वांना सावली देईल आणि कुणाला त्याच्यावर घाव घालावा लागणार नाही.

नळ आला की सांडपाणीही आले. पाच माणसांच्या घराला ५५ लिटरप्रमाणे रोज २७५ लिटर पाणी. त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होते असे अभियंते धरतात, म्हणजे २२० लिटर. हे पाणी रस्त्यावर सोडले तर डास आणि भांडणे. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी मोरीमागे अळू, कर्दळ, केळी यांना द्यावे. कपडे धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र काळ्या मातीत रोज सोडू नये, जमीन चोपण होते. त्यासाठी शोषखड्डा करावा. तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, तळाला मोठे दगड, वर लहान, आणि तोंडाशी भोके पाडलेले मडके. घराच्या पायापासून तो दूर हवा आणि हातपंप-विहिरीपासून तर लांबच हवा.

आता हक्काची बाजू. चर खोदणाऱ्याने जागा पूर्ववत करून द्यायची की नाही, हे त्या कामाच्या अंदाजपत्रकात पाहावे लागते. अंदाजपत्रक ही गुप्त गोष्ट नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार दहा रुपये भरून अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाहीत, आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. त्यात चर बुजवणे, रस्ता व जागा दुरुस्त करणे यांसाठी रक्कम धरली असेल, तर कामाचे शेवटचे देयक निघण्याआधी लेखी मागणी करावी. अर्जाला खोदकामाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो जोडावेत आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला पोच नसते, आणि ज्याला पोच नाही ते कार्यालयात घडलेलेच नसते. कारकुनी करून आम्ही एवढे नक्की शिकलो आहोत.

गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या वस्तीतल्या किती भगिनी तिथे आहेत, आणि असल्या तर सभेला बसतात की नुसती सही घरी येते, याची चौकशी करा. ज्या बाईच्या अंगणातून चर जातो ती सभेत असली, तर चर झाडाला वळसा घालून जातो.

तेव्हा या महिन्यात वस्तीतल्या चार-पाच घरांनी एकत्र बसावे, कुणाचे काय मोडले याची यादी करावी आणि एकच अर्ज सर्वांच्या सह्यांनी द्यावा. अर्ज चालू राहील तोवर टिकाव हाती घ्यावा. एका रविवारी एकाचे अंगण, दुसऱ्या रविवारी दुसऱ्याचे. बी-बियाणे आणि फांद्या एकमेकांना द्याव्यात. वर सांगितलेल्या ताईंना शेजारच्या वस्तीतून शेवग्याची फांदी मिळाली आहे. ती पाइपपासून बारा फुटांवर लावली आहे आणि तिला पाने फुटली आहेत.

जयभीम.