गॅजेट, कोडिंग, सिनेमा... ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणण्याआधी हे वाचा

नवा फोन बाजारात आला की त्याचा प्रोसेसर तोंडपाठ. रात्री ॲनिमे मालिका, मधल्या वेळात यूट्यूबवर पायथॉनचे धडे आणि दप्तरात जुन्या खेळण्यातून काढलेली मोटर. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा, कुठेही जा, असा एखादा मुलगा किंवा मुलगी भेटतेच. घरच्यांचं मत ठरलेलं असतं: ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. शेजारच्या लातूरला एकाच परीक्षेचा ध्यास घेऊन मुलं दोन वर्षं घासतात, तिथे हे पसरलेलं वेड जास्तच डोळ्यात खुपतं.

पालकांची काळजी खोटी नाही. पण या तीन आवडी एकमेकींपासून तेवढ्या लांब आहेत का? फोन, कोड आणि करमणूक यांचं नातं मुळापासूनचं आहे. उदाहरणं रोजच्या वापरातली आहेत.

खेळाच्या पटावरून पाठ्यपुस्तकात

चहाच्या टपरीवर पैसे देताना आपण स्कॅन करतो तो क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो समूहात तयार झाला. गरज होती मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्याची. अभियंता मासाहिरो हारा यांना त्याची कल्पना सुचली ती काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या ‘गो’ या खेळावरून. कंपनीने पेटंटचा हक्क न गाजवता वापर सर्वांना खुला ठेवला, म्हणून तो जगभर पसरला.

तोच कोड धाराशिवला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात एका शिक्षकाच्या हाती आला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो पाठ्यपुस्तकांना जोडला. मुलं कोड स्कॅन करून कविता ऐकू लागली, धड्याचे व्हिडिओ पाहू लागली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले. २०२० मध्ये डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. एक बैठा खेळ, एक कारखाना आणि एक खेड्यातली शाळा अशी ही साखळी आहे.

पायथॉन म्हणजे साप नव्हे

आज नवशिके सर्रास शिकतात त्या पायथॉन भाषेचं नाव सापावरून आलेलं नाही. गुइडो व्हॅन रॉसम यांनी ते ‘मॉन्टी पायथॉन्स फ्लाइंग सर्कस’ या बीबीसीच्या विनोदी मालिकेवरून ठेवलं. ही भाषा १९९१ मध्ये लोकांसमोर आली.

हातातल्या फोनचंही तसंच. मोटोरोलाचे मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला कॉल केला. आपल्याला प्रेरणा मिळाली ती ‘डिक ट्रेसी’ या चित्रकथेतल्या नायकाच्या मनगटावरच्या रेडिओवरून, असं त्यांनी सांगितलं आहे.

‘धाराशिव’मध्ये अक्षरं किती?

डोळ्यांना चार दिसतात: धा, रा, शि, व. पायथॉनला या शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर येतं सात. कारण संगणक ध, काना, र, काना, श, वेलांटी आणि व असे सात वेगळे घटक साठवतो. गंमत म्हणजे वेलांटी लिहिताना ‘श’च्या आधी येते, पण साठवली जाते ‘श’च्या नंतर. बहुतेक फोनवर हा शब्द टाइप करून एकेक अक्षर खोडत गेलात, तर ‘व’नंतर आधी फक्त वेलांटी जाते, मग ‘श’.

‘उस्मानाबाद’ची लांबी दहा. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदललं, पण गाड्यांच्या पाटीवरचा ‘एमएच २५’ तोच राहिला. माहिती साठवताना ओळख नावावर नव्हे, न बदलणाऱ्या क्रमांकावर बांधावी, हा डेटाबेसचा पहिला धडा इथे घरच्या उदाहरणातून कळतो. नववीतल्या मुलाला हे समजायला इंग्रजी माध्यम लागत नाही.

मग अडतं कुठे?

पाहणं आणि करणं यात. चार तास रील्स पाहणं हा छंद नाही, हे मान्यच करायला हवं. गॅजेटचे दहा रिव्ह्यू पाहूनही सर्किट जोडता येत नाही. फोनवरही प्रोग्रॅम लिहिता येतो, गुगल कोलॅब तर ब्राउझरमध्ये मोफत चालतं. तरीही सहा इंची पडद्यावर पन्नास ओळी लिहिताना उत्साह मावळतो. कीबोर्ड, टेबल आणि अडलं तर विचारायला एक माणूस, एवढं मिळालं तर चित्र बदलतं. पुण्यातल्या मुलाला हे तिन्ही सहज मिळतात. परंड्यातल्या मुलाच्या हाती बहुतेक वेळा फक्त फोन असतो. दोघांच्या बुद्धीत नसलेला फरक इथे तयार होतो.

धाराशिवचा समावेश २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने उच्च प्राथमिक टप्प्यापासून कोडिंगची शिफारस केली. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. त्यात सहावी ते बारावीच्या मुलांनी सेन्सर, रोबोटिक्स संच, थ्री-डी प्रिंटर हाताळायचे असतात. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. कागदावर रस्ता तयार आहे. पण लॅब म्हणजे तपासणीच्या दिवशी उघडणारी खोली ठरली, तर पैसा कपाटात आणि मुलगा पुन्हा रील्सवर.

काय करता येईल?

- शाळांनी लॅब आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडी ठेवावी, आसपासच्या गावांतल्या मुलांसाठीही. किल्ली एका उत्साही शिक्षकाकडे आणि दोन मोठ्या विद्यार्थ्यांकडे द्यावी.
- लॅब नसेल, तर ओटीजी जोडणीने साधा कीबोर्ड फोनला लावता येतो. नवा फोन घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे.
- मुलांनी आवडीचं काहीतरी एकच, पण पूर्ण करावं. आवडत्या ॲनिमेवर मराठी प्रश्नमंजूषा, गावातून सुटणाऱ्या एसटीचं वेळापत्रक किंवा मातीतला ओलावा सांगणारा सेन्सर, काहीही चालेल.
- पालकांनी ‘किती वेळ फोन बघतोस?’ याच्या जोडीने ‘त्यावर काय बनवलंस?’ असंही विचारावं. उत्तर महिनाभर ‘काही नाही’ असंच आलं, तर काळजी रास्त आहे.

परीक्षेचा अभ्यास सोडा, असं इथे कुणी म्हणत नाही. पण दुष्काळाची सवय असलेल्या या जिल्ह्यात मुलांचं कुतूहल तरी कोरडं पडू देऊ नये. आणि चिंध्यांचं म्हणाल, तर त्यांचीच गोधडी होते. सुई-दोरा मात्र कुणीतरी हातात द्यावा लागतो.