वायुदलाचे इंधन आणि धनजचे बांध

१७ डिसेंबर २०१८ रोजी चंदीगड येथे भारतीय वायुदलाच्या एएन-३२ विमानाने दहा टक्के जैवइंधन मिसळून उड्डाण केले. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने हे इंधन जट्रोफाच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या, तेलापासून बनविले होते. जानेवारी २०१९ मध्ये त्याला लष्करी विमानांसाठी मान्यता मिळाली. जानेवारी २०२० मध्ये लेहच्या सुमारे साडेदहा हजार फूट उंचीवरील धावपट्टीवरून त्याच मिश्रणावर विमान उडाले. विरळ हवेत आणि गोठविणाऱ्या थंडीत इंधन दगा देणार नाही, हे सार्वजनिक क्षेत्रातील शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. त्यांचे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु संरक्षणाच्या इंधनाचे प्रश्न दोन असतात : गुणवत्तेचा आणि पुरवठ्याचा. पहिला प्रयोगशाळेत सुटला. दुसरा शेताच्या बांधावर सुटायचा आहे, आणि तिकडे शासनकर्त्यांचे लक्ष नाही. चाचणीसाठीचे तेल छत्तीसगडमधून आले. चाचणीपुरते तेल कोठूनही आणता येते. वर्षानुवर्षे पुरेल एवढे बी मात्र कोणीतरी पिकवावेच लागते.

ते कोणी पिकवायचे? वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनजसारख्या कोरडवाहू गावांनी, असे उत्तर २००३ मध्येच दिले गेले होते. नियोजन आयोगाच्या समितीने त्या वर्षी सुमारे ११२ लाख हेक्टरांवर जट्रोफा लावण्याचे आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवडिझेल मिसळण्याचे चित्र रंगविले. पडीक जमिनीत, पाण्यावाचून सोने पिकेल, असा डांगोरा पिटला गेला. प्रत्यक्षात झाड फळावर येण्यास काही वर्षे लागतात, पाण्याविना उतारा तुटपुंजा मिळतो, आणि २००५ च्या खरेदी धोरणाने जैवडिझेलला दिलेला लिटरमागे २५ रुपयांचा दर उत्पादनखर्चही भरून काढीत नव्हता. योजना बारगळली. झळ सोसली ती रोपे लावणाऱ्यांनी. स्वप्न विकणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही.

लष्करी सिद्धतेच्या चर्चेत शेतकऱ्याच्या भावाचे रडगाणे कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. १९६० मध्ये परकीय तेल कंपन्यांनी आपल्या भारतीय शुद्धीकरण कारखान्यांत सोव्हिएत कच्चे तेल शुद्ध करण्यास नकार दिला, तेव्हा देशाला कळले की इंधनाची सुरक्षितता ज्याच्या हाती पुरवठ्याची साखळी आहे त्याच्या मर्जीवर असते. म्हणूनच सार्वजनिक तेल उद्योग बळकट करावा लागला आणि सत्तरच्या दशकात परकीय कंपन्या राष्ट्राच्या ताब्यात घ्याव्या लागल्या. त्यांतूनच उभ्या राहिलेल्या भारत पेट्रोलियमची विक्री करण्याचा निर्णय २०१९ मध्ये घेतला गेला आणि बहुतेक इच्छुक खरेदीदार मागे हटल्यामुळे २०२२ मध्ये तो मागे घ्यावा लागला. हा धडा विसरण्याची केवढी घाई!

परकीय कंपनीच्या जागी जैवइंधनाच्या साखळीत देशी मक्तेदार बसला, तर धनजच्या शेतकऱ्याला काय फरक पडणार? २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना विदर्भाच्या बाजारांत माल त्याखालच्या दराने विकला गेला. ज्या पिकाला जाहीर हमीभाव आहे त्याची ही गत, तर ज्याला एकच गिऱ्हाईक आहे त्या बियांची गत काय होईल, हे सांगावयास अर्थशास्त्री लागत नाही.

सोयाबीन मोडून एरंड लावा, असा याचा अर्थ नव्हे. अन्नाची जमीन इंधनाला देणे हा गुन्हाच ठरेल. बांध, पडीक आणि गायरानाची कड एवढीच या झाडांची जागा; आणि तेथे करंजही लावता येतो, कारण त्याच्याही बियांपासून जैवडिझेल होते. मात्र त्याआधी तीन गोष्टी व्हाव्यात. इंजिनाच्या चाचणीवर जेवढा खर्च होतो, त्याच तोलाने अकोल्याच्या कृषी विद्यापीठात वाणांच्या उताऱ्यावर संशोधन व्हावे, आणि त्याचे निष्कर्ष शेतकऱ्यांसमोर खुले व्हावेत. लागवडीपूर्वी बियांच्या खरेदीचा दर लेखी बांधून द्यावा. आणि तेल काढण्याच्या गिरण्या तालुक्यातच, उत्पादकांच्या सहकारी मालकीच्या असाव्यात.

कार्यकर्त्यांनी गावोगाव हाच प्रश्न न्यावा : विमान वर नेणारे इंधन पिकविणारा माणूस खालीच का राहावा? भावाची हमी नसेल तर एकही रोप लावू नये, असा ठराव ग्रामसभांनी करावा. पुरवठ्याची खरी सुरक्षितता तेथूनच सुरू होते.